तारेकडून लाकूड काय घेतं

इलेक्ट्रिक गिटार ॲम्पला न जोडता मांडीवर घ्या आणि सगळ्यांत जाड तार छेडा. आवाज येतो, पण किरटा. शेजारच्या खोलीत पोचणार नाही इतका. आता गिटारचं डोकं, म्हणजे खुंट्यांचं टोक, लाकडी कपाटाच्या दाराला हलकेच टेकवा आणि तीच तार तेवढ्याच जोरात पुन्हा छेडा. अख्खं कपाट घुमू लागतं. तुमचा हात तोच, तार तीच. मग जास्तीचा आवाज आला कुठून? तारेतूनच. तिच्याकडे होती तेवढीच शक्ती होती. आधी ती हळूहळू खर्च होत होती, आता कपाटाने त्यातला मोठा वाटा झटकन उचलला आणि हवेत उधळला.

आता गिटार ॲम्पला जोडून हाच प्रयोग करा, पण या वेळी कान ॲम्पकडे ठेवा. डोकं दाराला टेकवा, काढा, पुन्हा टेकवा. ॲम्पमधून येणारा आवाज काही भरदार होत नाही. खोलीत एवढा घुमणारा कपाटाचा आवाज तारांखाली बसवलेल्या पिकअपच्या गावीही नसतो. फार लक्ष देऊन ऐकलंत तर एवढंच जाणवेल की टेकवल्यावर काही स्वर किंचित लवकर विझतात आणि एखादा उलट जास्त टिकतो.

गिटारच्या लाकडाचा आणि पिकअपच्या आवाजाचा संबंध या छोट्या प्रयोगात जवळजवळ पूर्ण सापडतो. महोगनी ‘वॉर्म’, ॲश ‘ब्राइट’, अल्डर मधलं, बासवुड ‘फ्लॅट’ हा पाढा प्रत्येक दुकानात ऐकू येतो. त्या पाढ्यात लाकूड आवाज ‘देतं’ असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकूड देत नाही, घेतं. ते जे घेतं ते वजा जाऊन तारेत जे उरतं, तेवढंच पिकअपला कळतं.

पाढा जुन्या वाद्यांकडून आला, आणि तिथे तो खरा आहे. मिरजेत तंबोरा बनवणाऱ्या कारागिराला लाकूड निवडताना पाहिलं असेल तर त्याचा हात बोटांच्या पेरांनी वाजवून वाजवून लाकूड कसं पारखतो हे आठवेल. तंबोऱ्याची तार एकटी हवेला फारशी ढकलू शकत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली व भोपळा मिळून हवेला. ऐकणाऱ्याच्या कानावर पडतो तो तबलीचा आवाज. तबली जाड राहिली तर वाद्य मुकं होतं. व्हायोलिनचं तेच, साध्या लाकडी गिटारचंही तेच. या वाद्यांचं शहाणपण शंभरेक वर्षांपूर्वी विजेवरच्या गिटारला जसंच्या तसं चिकटलं, आणि अजून सुटलेलं नाही.

पिकअप उघडला तर त्यात काय आहे हे मोटार रिवाइंडिंग करणारा कोणीही क्षणात ओळखेल. लोहचुंबक, आणि त्याभोवती एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. स्ट्रॅटोकास्टर जातीच्या पिकअपमध्ये ॲल्निको धातूच्या सहा बारक्या कांड्या असतात आणि केसाएवढ्या, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेचे साधारण ८,००० वेढे. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तनच इथे काम करतं. कांडीच्या वर असलेला गिटारच्या तारेचा तुकडा कांडीमुळे स्वतःही थोडा चुंबक बनलेला असतो. तो हलला की गुंडाळीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत वीजदाब तयार होतो. तार लोखंड-पोलादाची हवी. नायलॉनची तार चढवा, पिकअप गप्प. त्याच्यावर तोंड नेऊन ओरडा, चांगल्या स्थितीतला पिकअप त्याचीही दखल जवळपास घेणार नाही. त्याला हवा कळत नाही. पोलादाचा एक तुकडा आपल्या तुलनेत किती वेगाने हलतो आहे, एवढंच कळतं.

‘आपल्या तुलनेत’ हे शब्द लक्षात ठेवा, त्यांचं काम पुढे आहे.

मग लाकूड या व्यवहारात शिरणार कुठून? वाटा दोनच आहेत. एक तारेच्या टोकांतून, दुसरी पिकअपच्या स्क्रूंतून.

पहिली वाट मोठी, म्हणून आधी ती. कपडे वाळत घालायची दोरी घ्या. एक टोक भिंतीतल्या हुकाला बांधा, दुसरं हातात धरून झटका द्या. लाट जाते, भिंतीवर आपटते आणि जवळजवळ तेवढ्याच जोराने परत येते. तीच दोरी लवचीक बांबूला बांधली तर बांबू डोलतो, आणि लाट परत येते ती थकलेली. गिटारची तार ही अशी दोरी आहे. तिचं एक टोक ब्रिजवर, दुसरं नटवर किंवा बोटाखालच्या फ्रेटवर. स्वर टिकतो तो याच दोन टोकांमध्ये लाट सेकंदाला शेकडो फेऱ्या मारते म्हणून.

आता वजनं पाहा. नेहमीच्या संचातली सगळ्यांत जाड, ०.०४६ इंची तार कंप पावणाऱ्या लांबीत साडेचार ग्रॅमच्या आसपास भरते. सगळ्यांत बारीक तर पाव ग्रॅम. समोर साडेतीन किलोचा भरीव ठोकळा. तारेच्या दृष्टीने हा ठोकळा भिंतच. महोगनीची काय, अल्डरची काय, भिंत ती भिंत. प्रत्येक फेरीत तारेची फारच थोडी शक्ती ब्रिजमधून लाकडात झिरपते. भरीव गिटार घडवण्यामागचा हेतूच हा होता की तारेचं तारेपाशी राहावं.

तरी भिंत पूर्ण अचल नसते, आणि विषय इथेच खरा रंगतो. झोक्याला वेळ साधून बारीक बारीक ढकलत राहिलं तर झोका उंच जातो, अवेळी कितीही जोर लावला तरी जात नाही. नेक, डोकं आणि अंग मिळून गिटारचाही असा काही ठरावीक ठेका असतो. एखाद्या स्वराची वारंवारता त्या ठेक्याशी नेमकी जुळली की तेवढ्यापुरती भिंत बांबू होते. तारेची शक्ती भराभर नेकमध्ये उतरते आणि स्वर अर्ध्यात बसतो. वादक याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. फेंडर घडणीच्या बेस गिटारवर पहिल्या, म्हणजे जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास तो इतक्या वेळा सापडतो की बेस वाजवणारे त्याला घरचाच मानतात.

म्यूनिकचे संशोधक हेल्मुट फ्लायशर यांनी १९९०च्या दशकात हे मोजून दाखवलं. गिटारवर वेगवेगळ्या जागी लाकूड किती सहज हलतं हे मोजायचं आणि प्रत्येक फ्रेटवर स्वर किती वेळ टिकतो ते शेजारी मांडायचं, अशी त्यांची रीत. निष्कर्ष असा की भरीव गिटारचा ब्रिज जवळजवळ हलतच नाही, हलते ती नेक. स्वर लवकर मरण्याच्या जागा नेकच्या हालचालीशी जुळतात. म्हणजे ज्या अंगाच्या लाकडावरून वाद होतात ते या गोष्टीत दुय्यम, आणि ज्या नेककडे गिऱ्हाईक फक्त रंग पाहायला वळतं ती मुख्य. अंगाचं लाकूड जड की हलकं यावर सगळ्या सांगाड्याचा ठेका थोडा वरखाली सरकतो, त्यामुळे डेड स्पॉट एका फ्रेटवरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. डोक्याला छोटा पितळी चिमटा लावला तरी तो सरकतो. कपाटाच्या दाराने नेमकं हेच केलं होतं.

यात एक बारकावा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. अशी वजाबाकी होते ती एखाददुसऱ्या स्वरात. सगळ्या स्वरांवर सारखा ‘वॉर्म’पणा पसरत नाही. शिवाय ती त्या एका गिटारची असते, झाडाच्या जातीची नसते. एकाच महोगनीच्या फळीतून कापलेले दोन तुकडेही वजनाला आणि ताठरपणाला सारखे निघत नाहीत, हे कोणताही सुतार सांगेल. तारेतले वरचे, खणखणीत उपस्वर तर बहुतांशी हवेत आणि तारेच्या स्वतःच्या अंतर्गत घर्षणात विझतात. तिथे लाकडाला मध्ये पडायला वाव कमीच.

दुसरी वाट अरुंद. पिकअप अंगाला किंवा अंगावरच्या प्लास्टिकच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेला असतो. अंग थरथरलं तर पिकअप थरथरतो, आणि तो हलला काय किंवा तार हलली काय, दोघांतलं अंतर बदलतंच. जोडलेल्या गिटारच्या अंगावर टिचकी मारा, ॲम्पमधून ‘ठक्’ ऐकू येईल. वेटोळी सैल असतील तर तीही चुंबकाजवळ थरथरतात आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतो. म्हणून पिकअप वितळलेल्या मेणात, बहुधा पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण घालून, बुडवून काढतात. मेण सगळ्या फटींत शिरून गुंडाळी घट्ट बसवतं. मेण न भरलेल्या जुन्या धर्तीच्या पिकअपमधून लाकडाचा थोडा आवाज येतो हे खरं आहे. पण वाजवताना अंगाची थरथर तारेच्या हालचालीच्या मानाने इतकी नगण्य असते की तिचा वाटा टिचकीपुरताच उरतो.

इतिहास पाहिला तरी लाकडाचं हे दुय्यमपण पहिल्या दिवसापासून दिसतं. जॉर्ज बोशाम्प आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांची, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलेली ‘फ्राइंग पॅन’ ही विजेवरची पहिली यशस्वी गिटार. ती ओतीव ॲल्युमिनियमची होती. लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर नेक, तारा आणि पिकअप बसवले. नुसता ओंडका लोकांना गिटार वाटेना, म्हणून दोन बाजूंना एपिफोनच्या पोकळ गिटारचे अर्धे अर्धे भाग जोडले. आवाजाला त्या पंखांची गरज नव्हती, डोळ्यांना होती. डॅन आर्मस्ट्राँग यांनी ॲम्पेग कंपनीसाठी १९६९ मध्ये आरपार पारदर्शक प्लेक्सिग्लासची गिटार काढली. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ती घेऊन त्याच वर्षी अमेरिकेचा दौरा केला. कोणी त्या मैफली प्लास्टिकच्या आवाजाच्या म्हणून आठवत नाही.

आणि लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवता न येणारा. १९५०-५१ मध्ये आलेल्या टेलिकास्टरला त्याने ॲश वापरलं आणि १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरलाही. १९५६ पासून बहुतेक स्ट्रॅटोकास्टर अल्डरच्या होऊ लागल्या. कारण कारखान्यातलं होतं. ॲशची छिद्रं मोठी, रंगाआधी लांबी भरून घासत बसावं लागे. अल्डरला तो त्रास नाही. फिकट पिवळसर रंगात लाकडाच्या रेघा दिसतात, म्हणून तेवढ्यापुरतं ॲश राहिलं. आज ज्या दोन लाकडांच्या ‘स्वभावावर’ तासन् तास चर्चा होते, त्यांची निवड रंगकामाच्या सोयीने झाली.

ब्रायन मे यांची गिटार या बाबतीत माझी फार लाडकी. लंडनच्या या शाळकरी मुलाने १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने ती घडवायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची, अंगात मोडीतल्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड. पुढे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फारुख बलसाराबरोबर, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरीबरोबर, क्वीनमध्ये तीच गिटार जगभर ऐकली गेली. तिचे पिकअप मात्र बदलावे लागले. घरी बनवलेले पिकअप तार खेचल्यावर नको तो आवाज करायचे, म्हणून बर्न्स कंपनीचे तीन विकत आणून बसवले. लाकूड सापडेल ते चाललं, पिकअप चालले नाहीत.

मग एवढा फरक ऐकू येतो तो कशाचा? पहिला मान पिकअपच्या जागेचा. स्ट्रॅटोकास्टरची तार ६४८ मिलिमीटर लांब आणि नेकजवळचा पिकअप ब्रिजपासून साधारण १६२ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर पाव लांबीवर. मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर त्या बिंदूवर हलतच नाही, म्हणून तो त्या पिकअपला जवळपास ऐकू येत नाही. ब्रिजजवळचा पिकअप टोकापासून चारेक सेंटिमीटरवर. तिथे मूळ स्वराची हालचाल थोडी, वरच्या उपस्वरांची त्या मानाने जास्त. एकच गिटार, एकच लाकूड, एकच तार. स्विच नेकच्या टोकावरून ब्रिजच्या टोकाला सरकवा, आवाज गोलसरचा धारदार होतो. लाकडाच्या दोन जातींत एवढा फरक कोणी दाखवलेला नाही.

दुसरा मान उंचीचा. पिकअप एक मिलिमीटर वर आणला तरी आवाज जोरकस आणि जाड होतो. फार वर आणला तर चुंबक तारेला ओढू लागतो, वरच्या फ्रेटवर स्वर बेसूर लहरतो, आणि बरेच जण खापर लाकडावर फोडतात.

तिसऱ्या गोष्टीकडे कोणी पाहतच नाही. ती म्हणजे केबल. पिकअपची गुंडाळी इंडक्टर आहे आणि केबल कपॅसिटर. दोघं मिळून एक वारंवारता उचलून धरतात आणि तिच्या वरचं सगळं कापतात. स्ट्रॅटोकास्टरसारख्या पिकअपचा इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या जवळपास, साध्या केबलचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड. ३ मीटरच्या केबलवर हा उंचवटा ५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, ६ मीटरच्या केबलवर ४ किलोहर्ट्झच्या खाली उतरतो. माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो याच पट्ट्यात. म्हणून लांब केबलवर गिटार ‘मऊ’ वाटते. हमबकर जातीच्या दुहेरी पिकअपचा इंडक्टन्स दुपटीच्या जवळ, त्यामुळे त्याचा उंचवटा आणखी खाली, ३ किलोहर्ट्झच्या आसपास. महोगनीचा म्हणून सांगितला जाणारा ‘वॉर्म’पणा बहुतांशी इथे राहतो.

कारण तुलना कशाची होते ते पाहा. एका हातात गिब्सन लेस पॉल: महोगनीचं अंग, पण सोबत हमबकर, ५०० किलोओहमचे नॉब आणि ६२८ मिलिमीटरच्या आसपासची आखूड तार. दुसऱ्या हातात अल्डरची स्ट्रॅटोकास्टर: एकेरी पिकअप, २५० किलोओहमचे नॉब, लांब तार. चार गोष्टी बदलल्या, आणि श्रेय डोळ्यांना दिसणाऱ्या एकीला मिळालं. लाकूड दिसतं, वजनाला हातात भरतं, त्याचा वासही येतो. हेन्री आणि पिकोफॅरड दिसत नाहीत.

लाकूड उगीचच असतं असं मात्र मला म्हणायचं नाही. अंग पोकळ केलं की चित्र पालटतं. गिब्सनच्या १९३६च्या ईएस-१५० सारख्या पोकळ गिटारमध्ये वरची पातळ फळी तबलीसारखी हलते, तारेची शक्ती खाते, स्वर चटकन येतो आणि चटकन विरतो. पिकअपला हे स्पष्ट कळतं. उलट ॲम्पचा आवाज त्या फळीला हलवतो आणि गिटार घूं करून ओरडू लागते. म्हणून १९५८च्या ईएस-३३५ मध्ये पोकळ अंगाच्या मधोमध मेपलचा भरीव ठोकळा घातला गेला.

वाजवणाऱ्याच्या बाजूनेही लाकूड खरं असतं. अंगाची थरथर बरगड्यांना जाणवते, आणि जे जाणवतं त्याने हात बदलतो. हात बदलला की तार वेगळी हलते, आणि ते पिकअपला नक्की कळतं. चार किलोच्या पुढची गिटार तीन तास खांद्यावर असेल तर शेवटच्या गाण्यातला हात थकलेला असतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या हवेने नेक वाकते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. चांगलं मुरलेलं, सरळ रेघेचं लाकूड तिथे पैसे वसूल करतं. माझ्या मते लाकडासाठी पैसे मोजायचे तर ते नेकच्या ताठपणासाठी मोजावेत.

एका झाडाबद्दल मात्र आपण विशेष हळवं असायला हवं. फिंगरबोर्डसाठी जगभर नावाजलेलं ‘इंडियन रोझवुड’ म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं शिसव. ते आज धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत आहे. शिसवाच्या सगळ्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २ जानेवारी २०१७ पासून परवान्याचं बंधन आलं. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींवर शिसवाऐवजी पाऊ फेरो नावाचं दक्षिण अमेरिकी लाकूड वापरायला सुरुवात केली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्या बंधनातून सूट मिळाली. मधल्या काळात विकल्या गेलेल्या त्या गिटारी वाजतच आहेत. ॲशवर तर कीडच पडली. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने अमेरिकेतली ॲशची जंगलं पोखरली, आणि २०२० मध्ये फेंडरने नेहमीच्या उत्पादनातून ॲश काढत असल्याचं जाहीर केलं. ‘आवाजासाठी’ म्हणून दुर्मीळ लाकडाचा हट्ट धरण्याला भौतिकशास्त्राचा आधार फार तोकडा आहे, आणि त्या हट्टाखाली झाडं मात्र खरी पडतात.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की पाटीवरचं लाकडाचं नाव वाचू नका. गिटार न जोडता हातात घ्या. जी तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने वाजवा आणि प्रत्येक विझेपर्यंत थांबा. जो स्वर शेजाऱ्यांच्या आधी बसतो तिथे त्या गिटारचं लाकूड तुमच्याकडून काहीतरी घेतं आहे. तो स्वर तुमच्या रोजच्या वाजवण्यातला असेल तर दुसरी गिटार मागा, तीही त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची, त्याच लाकडाची. मग जोडा, दुकानदाराकडून स्क्रूड्रायव्हर मागून पिकअप एक मिलिमीटर वरखाली करा, आणि घरी जी केबल वापरता तीच केबल सोबत न्या.